माझ्यावर उभं राहून केलेला विरोध

चर्रर्र!

माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. अल्लीपूरच्या रामाजी सुताराच्या अंगणात गोवऱ्यांच्या जाळावर लोखंडी धाव लालबुंद केली होती. ती सांडशीनं उचलून माझ्या चाकावर बसवली, वरून घागरीनं पाणी ओतलं, आणि वाफेच्या लोटात ती धाव चाकाला आवळत गेली. त्याआधी मी नुसती लाकडं होते. त्या आवाजानंतर मी बंडी झाले.

होय, मी बंडी बोलतेय. शहरातली माणसं बैलगाडी म्हणतात. आमच्या वर्ध्याकडं बंडीच म्हणतात.

चाकं बाभळीची, अंग सागाचं. रामाजीनं मला जरा जास्तच रुंद केलं. माझे मालक अण्णाजी, त्यांनी तसं सांगितलं होतं. आर्वीजवळच्या गावात त्यांची शेती. "कापूस भरला का वरून पडाले नाई पाह्यजे," एवढंच ते म्हणाले होते. अण्णाजी कमी बोलतात. जे बोलतात ते करतात, त्यामुळं त्यांना फार बोलावं लागत नाही.

मी काय काय वाहिलं! शेणखत वाहिलं, कडबा वाहिला, गावच्या नवऱ्या मुली सासरी पोचवल्या. माझे बैल बदलले, पण हाकणारा जंगू तोच राहिला. जंगू गोंडाचा, अण्णाजींचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याला स्वतःची शेती नाही. गावाच्या टोकाला त्याची झोपडी आहे, तिथं तो आणि त्याची बायको रुखमा राहतात. बैलांशी तो गोंडीत बोलतो, माणसांशी आमच्या बोलीत. बैलांना शिवी देत नाही. माणसांचं तसं सांगता येत नाही.

एवढ्यावर आयुष्य भागलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी रुंदी नडली. स्वराज्य आलं, निवडणुका आल्या, आणि पुढाऱ्यांना उभं राहायला जागा लागू लागली. कोणी आला की माणसं अण्णाजींच्या दारात हजर. "अण्णाजी, बंडी देजा बरं, तुमची लय रुंद हाय." अण्णाजी नाही म्हणत नसत. मग माझ्यावर सतरंजी टाकायची, मागं दोन बांबू लावून झेंडा बांधायचा, की झाला मंच. जमिनीवर उभं राहून माणसाला खोटं बोलता येत नाही की काय, कोण जाणे. त्याला उंच जागाच लागते.

छप्पन सालच्या पावसाळ्यात बातमी आली की दिल्लीच्या सरकारनं अमेरिकेशी करार केला. तिकडून गहू येणार, तांदूळ येणार, आणि त्यांच्यासोबत कापसाच्या गाठीही येणार. आमच्या भागात माणसाच्या कपाळापासून पायापर्यंत कापूस. गिरणीला परका कापूस मिळाला तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती खरी होती. अण्णाजींना तर ती फारच लागली. ते संध्याकाळी माझ्या जुवावर बसून नुसते शेताकडं बघत राहत.

तेवढ्यात आर्वीचे जयवंतराव वकील आले. ते त्यावेळी सरकारच्या विरोधातले. घरची मोठी शेती, आवाज खणखणीत. माझ्यावर चढले आणि म्हणाले, "हा करार नाई, हा तुमच्या गळ्याले लावलेला फास आहे! सरकार करार फाडत नाही तोवर बाजारात एक बोंड जाणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता माझ्या चाकाला टेकलेला तानबा शेजाऱ्याला म्हणाला, "सरकारवाले आत घेत नाईत म्हनून बाहेर वरडून राह्यला. उद्या आत गेला का पाह्य, फास जाऊन हार होते."

"मंग टाळी काऊन वाजवतं बे?"

"सारेच वाजवून राह्यले. आपल्या हाताले काय झालं?"

हे मला कधी कळलं नाही. जिथं विश्वास नाही तिथं टाळी कशाला? आणि टाळी दिली तर मागून हसायचं कशाला? आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही हे पुढाऱ्याला ठाऊक असतं, आणि पुढाऱ्याला ते ठाऊक आहे हे लोकांना ठाऊक असतं. तरी दोघांचं छान चालतं. मध्ये सापडतो तो ज्याला हा खेळ येत नाही.

आमचे अण्णाजी सापडले. जयवंतरावांनी त्यांना हात धरून माझ्यावर ओढलं. गावाला त्यांचा शब्द माहीत होता, आणि ते वकिलांनाही माहीत होतं. अण्णाजी खाली बघत हळूच म्हणाले, "करार मोडत नाई तोवर माह्या घरचा कापूस बाजारात जानार नाई."

त्यावर टाळ्या कमी पडल्या. तानबा पुटपुटला, "आता याले कायचं तिकीट पाह्यजे?"

कापूस वेचून आला. बाजारात जायचा नाही म्हणून घरात भरला. आधी कोठी भरली, मग माजघर, मग ओसरी. आर्वीच्या नाक्यावर बंड्या अडवतात असं ऐकून गावातल्या प्रत्येक घराची हीच गत. अंगणात टाकावा तर दवानं पिवळा पडतो. गोठ्यात गाईगुरं आणि कडबा. घरातली माणसं कापसाला धक्का न लावता आडवी चालू लागली. चूल अंगणात आली, कारण आत ठिणगी उडाली तर सगळंच संपलं. दिवाही आत न्यायचा नाही.

आणि अशात नलू आली.

नलू अण्णाजींची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. तिला मीच घेऊन आले. जंगूनं खड्डा चुकवत चुकवत बैल असे हाकले की माझ्या आसाचाही आवाज झाला नाही. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. पौषाच्या तोंडावरची थंडी. शेक नाही मिळाला तर आईला वारा धरतो, आणि पोर गारठतं. लीलाबाईंची, म्हणजे नलूच्या आईची, दोन लेकरं अशीच थंडीत गेली होती. त्यामुळं शेगडीवाचून बाळंतपण ही कल्पनाही त्यांना सोसत नव्हती.

माझ्या शेजारीच उभ्या राहून त्या अण्णाजींना म्हणाल्या, "अवो, एक खोली. फक्त एक खोली मोकळी करून द्या मले. बाकीच्या घरात तुमचा कापूस झोपू द्या सुखानं."

"शपथ घेतली ना वो."

"कोनाची? त्या वकिलाची? थो येते का शेक द्याले?"

"त्याची नाई. आपल्याच तोंडानं घेतली."

"मंग आपल्याच पोरीले सांगा आपल्या तोंडानं," असं म्हणून त्या आत गेल्या. आत म्हणजे कापसात.

अण्णाजी माझ्या जुवावर बसले. मग जंगूला म्हणाले, "उद्या कोठीतला कापूस भरजो. तेवढाच. जयवंतरावाले सांगतो खरं काय ते. वकील हाय, समजून घेईन."

दुसऱ्या दिवशी कापूस भरून आम्ही निघालो. आर्वीच्या नाक्यावर जयवंतरावांची माणसं रस्त्यात सतरंजी टाकून बसली होती. मधोमध चिवड्याचं टोपलं होतं. आम्हाला पाहून दोघं उठून बैलांपुढं उभे राहिले.

"अरे वा! अण्णाजी! याच बंडीवर उभं राहून शपथ घेतलती ना?"

"घेतलती," अण्णाजी खाली उतरून म्हणाले. "पोरगी बाळंतपनाले आली हाय, बापा. घरात शेगडी ठेवाले जागा नाई. ही एक कोठी मोकळी करतो. बाकीचा कापूस घरीच राहीन."

सतरंजीवर खसखस पिकली. "पाह्य बरं, प्रत्येकाच्या घरी आताच पोरगी बाळंत होऊन राह्यली!"

"वकिलाच्या घरी तर म्हैस बाळंत झालती," दुसरा म्हणाला. "मागच्या आठवड्यातच त्याचा समदा कापूस सरकी काढाले जिनात गेला."

अण्णाजींना पटकन कळलं नाही. "कोनाचा?"

"जयवंतरावचा. आमीच तर भरून दिला."

मला वाटलं, आता हे रागावतील. पण त्यांनी फक्त विचारलं, "तुमाले माहीत हाय, तरी येथं बसले?"

"बसा लागते ना. चिवडा भेटते, चहा भेटते. करार काय आपन बसल्यानं मोडून राह्यला का उठल्यानं?"

जंगूला राहवलं नाही. "मंग त्याचा कापूस गेला, तर आमचीच बंडी काऊन अडवली?"

तो माणूस हसून म्हणाला, आणि ते हसणं वाईटही नव्हतं, "अरे, जो शपथ पाळत नाई त्याले अडवून काय फायदा? पाळनाऱ्यालेच अडवा लागते."

जंगूनं कासरा आवळला. "मालक, बसा वर. बैल घालतो सरळ. उठतीन आपोआप."

अण्णाजींनी मान हलवली. "फिरव."

माझा जीव उबगला. त्या चिवडा खाणाऱ्यांना उबगला, त्या वकिलाला उबगला, आणि खरं सांगते, अण्णाजींनाही उबगला. खोट्याला दिलेला शब्द खऱ्यासारखा पाळणाऱ्या माणसाचं काय करायचं? पण बंडीला मत नसतं. फिरवलं तिकडं फिरावं लागतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि नलूला कळा सुरू झाल्या होत्या. लीलाबाई दारात उभ्या. त्यांनी भरलेल्या कापसाकडं पाहिलं आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. शेजारच्यांकडं न्यावं तर तिथंही कापूसच कापूस. ज्याच्याकडं शेत त्याच्याकडं कापूस, आणि ज्याच्याकडं कापूस त्याच्याकडं विस्तव नाही.

तेवढ्यात रुखमा पदर खोचून आली. कुणाची परवानगी न विचारता ती जंगूला म्हणाली,

"अवो, उतरवा थो कापूस. पडू दे मातीत. पोरीले वर घ्या. माह्या घरी एक बोंडबी नाई. चूल पेटून हाय."

लीलाबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. सालदाराच्या झोपडीत मालकाची लेक बाळंत व्हायची, हे गावात आजवर झालं नव्हतं. मग त्या उठल्या. "सांभाळून घ्या वो तिले," एवढंच म्हणाल्या.

कापूस धुळीत उतरला. नलूला माझ्यावर निजवलं. अण्णाजी चाकाला हात लावून सोबत चालत आले, जसं काही चाक त्यांच्याच हातानं फिरत होतं. झोपडीच्या दारात ते बाहेरच थांबले. जंगू म्हणाला, "बसा मालक, आता आपल्या दोघायचं काम नाई." दोघं माझ्या चाकाला टेकून बसले. आतून निखाऱ्यांचा उजेड कुडाच्या फटीतून येत होता.

सकाळी मुलगी झाली. ठणठणीत. रुखमा बाहेर येऊन म्हणाली, "घ्या, वकिलाची शपथबी राह्यली आन पोरगीबी राह्यली." जंगू हसला. अण्णाजी दोन्ही हातांत तोंड धरून रडले.

पुढं काय झालं? काहीच नाही. हेच तर सांगायचं आहे. बाजार बंद ठेवण्याचा तो विरोध कुणी मागं घेतला नाही, तो आपोआप विरला. एक दिवस नाक्यावर सतरंजी नव्हती. मग कळलं, जयवंतरावांना राज्यकर्त्या पक्षाचं तिकीट मिळालं. ज्यांनी करार केला त्यांचंच. आर्वीच्या बाजारात बंड्यांच्या रांगा लागल्या, आणि विरोधच उरला नाही म्हणून शेवटी अण्णाजींनीही मान खाली घालून मला जुंपलं. रांगेत मी बाकीच्या बंड्यांवरची माणसं ऐकत होते. कुणाला राग नव्हता. "मी तं पह्यलेच सांगतलं होतं," असं जो तो खुशीत सांगत होता. आपण फसलो नाही, आपल्याला आधीच ठाऊक होतं, याचा केवढा आनंद! करार चांगला की वाईट, हे मात्र एकानंही विचारलं नाही. तो प्रश्न अण्णाजींच्याच मनात उरला होता, आणि त्यांना विचारतं कोण?

आता माझं वय झालं आहे. एका चाकाचे आरे खिळखिळे झालेत, पावसाळ्यानंतर रामाजीचा मुलगा ते बदलणार असं ऐकते. जाता जाता तुम्हाला एकच सांगणं आहे. पुढाऱ्याला हसायचं तर हसा, त्यानं ते कमावलंय. पण हसण्याची एवढी सवय लावून घेऊ नका की दारात खरं बोलणारा उभा राहिला तरी तोंडातून हसूच निघेल. अशा माणसाला एखाद्या वेळी रस्ता सोडा. बंडीची एवढी विनंती आहे.

हे सगळं आठवलं, कारण आज दुपारी जयवंतराव गावात आले. बंडी मागायला माणसं आली, अण्णाजी नाही म्हणाले नाहीत. सतरंजी पडली, झेंडा बांधला. झेंडा दुसरा.

"मित्रहो, करार वाईट नव्हता. गहू आला का नाई? कापसाचं म्हणाल तर आपला माणूस आत पाहिजे, म्हणजे आतून आवाज उठवता येतो."

"आतून उठवा, बाहेर कोनाले ऐकू नाई येत," तानबा ओरडला. हशा पिकला. जयवंतरावही मनापासून हसले. मग टाळ्या.

मग त्यांची नजर अण्णाजींवर गेली. "या, अण्णाजी, या वर! मित्रहो, या माणसानं आपल्या पोरीला झोपडीत बाळंत होऊ दिलं, पण माझा शब्द मोडला नाही. असे लोक माझ्यामागं आहेत! अण्णाजी, दोन शब्द बोला."

गर्दीच्या कडेला नलू उभी होती, कडेवर पोर. तिच्याजवळ रुखमा. दोघी अण्णाजींकडं बघत होत्या.

अण्णाजी चाकावर पाय देऊन वर चढले. त्यांची पावलं मला ओळखीची, हलकी. आज ती जड पडली. लोक पुढं सरकले. मलाही वाटलं, आज हे बोलतील. करार काय होता, कापूस काय होता, नाक्यावर काय झालं, सगळं एकदा बोलतील. त्यांनी घसा साफ केला. ओठ हलले.

"बोला बोला," मागून कोणीतरी म्हणालं, "तुमाले कायचं तिकीट भेटलं?"

हसण्याची एक लाट सगळ्या गर्दीतून गेली. जयवंतरावांनी हसतच अण्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णाजींनी तो हात हळूच खाली केला. चाकावर पाय ठेवून ते उतरले. नलूच्या कडेवरची नात घेतली, तिच्या कानांवर टोपडं नीट ओढलं, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.