मामाच्या घराचे खांब

भूकंपानंतर धोक्याच्या इमारती पाडायला आमची स्वयंसेवकांची टोळी तयार झाली, तेव्हाच मी मुकादमाला बजावून ठेवलं होतं, मामाचं घर माझ्या वाटणीला. नात्यातल्या घरावर सहसा कुणी घण उचलत नाही, हात चालत नाही म्हणे. माझा चालणार होता. मामा ठेकेदार. ताईची इमारत त्यानेच बांधली, ‘आपलीच पोर आहे’ म्हणत तिला तिसऱ्या मजल्यावरचं घर घ्यायला लावलं, आणि त्याच घरात ताई गेली. ढिगाऱ्यातला खांबाचा तुकडा मी हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. आतली सळई माझ्या करंगळीहून बारीक होती.

मामाच्या घरावर शेजारची भिंत कोसळली होती, म्हणून तपासणीवाल्यांनी दारावर लाल फुली मारलेली. तो पायरीवरच बसला होता.

"पोरी, एवढं घर सोड. आयुष्याची कमाई आहे माझी."

"ताईचीही होती, मामा. बाजूला व्हा."

आधी खांबाचा गिलावा सोलून आत काय आहे ते बघायचं, मगच पाडायचं, ही आमची पद्धत. मी घण घातला. तो उसळून परत आला, खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. बऱ्याच घावांनी गिलावा सुटला. आत अंगठ्याएवढ्या सळया, चार-चार बोटांवर त्यांना आवळणारी लोखंडी कडी, काँक्रीट दगडासारखं.

मुकादमाने त्यावर हात फिरवला. "हे घर कसलं पडतंय? फुली पुसा."

मामाच्या जिवात जीव आला. माझं मात्र डोकं फिरलं. म्हणजे या माणसाला चांगलं बांधता येत होतं.

फुली मीच पुसली. मग ‘बाकीचेही तपासायला हवेत’ म्हणून रस्त्याकडचे सगळे खांब सोलून काढले. मुकादम अडवायला आला, माझं तोंड बघून मागे सरला. तोवर ताईच्या इमारतीतले वाचलेले लोक जमले होते. तिच्या शेजारच्या आजोबांनी सळईभोवती मूठ वळवली आणि मामाकडे बघत राहिले. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने माझा हात धरला. "पोरी, पाडून टाक हे. तुझे उपकार होतील."

"धडधाकट घर आम्ही पाडत नाही, मामा. राहा आता सुखाने."