साळूबाईच्या हातावरचे कण

हिर्डोशीच्या शिवारात गोळी लागून मेलेलं भेकर सापडलं आणि संशय आला तो साळूबाईवर. घरात पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक, नवरा गेनबा त्या वेळी पुण्याला लेकीकडे, आणि ही एकटीच घरी. पोलिसांनी तिच्या हातांवर चिकटपट्ट्या दाबून नमुने नेले. अहवाल आला: शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेले कण. म्हणजे गोळीबाराचेच.

साळूबाईची भाची प्रेरणा न्यायवैद्यक रसायनशास्त्र शिकलेली. अहवालाचं कळताच ती एसटी धरून भोंगवलीहून आली. आत्यावर तिचा जीव होता, पण असे कण उगीच कुणाच्या हातावर येत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

"आत्या, खरं सांग. बंदुकीला हात लावलास?"

"म्या? अगं, सुईत दोरा ओवाया शेजारच्या नूतनला बलवते मी. मला भेकर दिसंल व्हय?"

तेवढ्यात शिपाई अभिषेक जबाबासाठी बोलावणं घेऊन आला. खालच्या वाडीतला; साळूबाईच्याच अंगणात खेळून मोठा झालेला. कागद राहिला बाजूला. तिनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "किती वाळलास रं लेकरा!"

प्रेरणा बघतच राहिली. "नमुने तुम्हीच घेतलेत?"

"व्हय. नवे हातमोजे घालून."

"त्याआधी हिनं अशीच अलाबला घेतली होती?"

"आज्जी कधी सोडत्यात व्हय?"

"आणि तुम्ही आला होतात कुठून?"

अभिषेकचा आवाज उतरला. "गोळीबाराच्या सरावावरनं. थेट."

धुळीहून बारीक ते कण गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर, केसांत, वर्दीवर बसतात. कुणी माया केली की त्याच्या हातावर जातात. यंत्रानं कण बरोबर ओळखले होते. ते कुठून आले, हे यंत्राला कळत नाही.

"हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल," प्रेरणा म्हणाली.

"मंग ह्येला साहेब बोलतील?" साळूबाईनं विचारलं.

"बोलतील. नोंदही होईल."

"तर नगं बाई. ऱ्हाऊ द्या माज्याच हातावर."

"आज्जी, बोलणी मी खाईन," अभिषेक म्हणाला. "हे गुडघे घेऊन तुमी कोर्टाच्या पायऱ्या चढणार का?" तो ओट्यावर बसला आणि त्यानं पेन काढलं. "ताई, सुरुवात कुठनं करू?"

"सरावाच्या मैदानापासून."

"आदी च्या घ्या," साळूबाई चुलीकडं वळली, "मंग काय ते खरडा."