रास्ता पेठेतलं जेवण

शौकतनं निगडीहून गाडी काढली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मागच्या सीटवर एझकेल पेणकर बसले होते, वय शहात्तर. पन्नास वर्षांपूर्वी ते रास्ता पेठेतून इस्राएलला गेले आणि आता महिनाभरासाठी भाऊ दाविद याची मुलगी लिया हिच्याकडे राहायला आले होते. मराठी मात्र अजून पेठेतलीच.

"लहानपणी आमच्या आळीत तीन खाणावळी होत्या," ते सांगत होते. "आता एकही नाही. लियानं सिनेगॉगमध्ये फोन करून विचारलं, आमच्या बेने इस्राएली पद्धतीचं जेवायचं तर कुठं? ते म्हणाले, सेगुलाबाईंच्या घरी. आधी कळवलं तर त्या रांधतात."

शौकत हसला. गाडी कासारवाडीला आली तेव्हा आजोबांनी विचारलं, "अजून किती वेळ, शौकतभाऊ?"

"पंधरा-वीस मिनिटं. पोचलोच."

तो गाडीत बसणाऱ्या सगळ्याच गिऱ्हाइकांना असं सांगायचा. आजोबांनी शर्ट वर करून पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. "जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं घ्यावं लागतं," ते म्हणाले.

फुगेवाडीच्या पुढं गाड्या थांबल्या. दापोडीला ट्रेलर आडवा झाला होता. मागं कंटेनर, बाजूला बस, हलायला जागा नाही. पाऊण तास झाला. शौकतनं आरशात पाहिलं. एसी चालू असूनही आजोबांचा शर्ट घामानं चिंब झाला होता.

"काका, बरं वाटत नाही का?"

"दाविद, आपलं घर आलं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

शेजारच्या फटीतून एक मोटारसायकल सुसाट गेली. शौकत ओरडला, मागं झेपावला, त्यांचं मनगट धरून दार ओढून घेतलं. मनगट गार, ओलं. आजोबा त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसे बघत होते.

लियाला फोन लावला, तो लागेना. अँब्युलन्सवाला म्हणाला, रस्ता मोकळा झाल्याशिवाय पोचणं अवघड. शौकतच्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. परदेशी म्हातारा, आपली गाडी, आपलं नाव शौकत. काही झालं तर कोण ऐकून घेईल? आणि पंधरा-वीस मिनिटं कोण म्हणालं होतं?

फुटपाथपलीकडं एक रसवंती दिसली. गाडी तिथंच सोडून त्यानं आजोबांना कमरेत धरलं आणि ट्रकांमधून ओढत नेलं. मागून हॉर्न, शिव्या.

रसवंतीवाल्या कुसुमताईंनी एकदाच पाहिलं. "शुगर उतरलीय. आमच्या मालकांचं बी असंच व्हतं. गिळता येतंय का त्यांना? मग सरळ बसवा."

त्यांनी बिनबर्फाचा रस दिला. आजोबांनी तोंड फिरवलं. "नको. सेगुलाबाई वाट बघतेय. भूक मरेल."

"काका, पाया पडतो, घ्या." शौकत म्हणाला. त्यानं घाईनं ग्लास त्यांच्या ओठांशी नेला, अर्धा रस शर्टावर सांडला.

कुसुमताईंनी ग्लास काढून घेतला. "आजोबा, हा सेगुलाबाईंनीच पाठवलाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

आजोबांनी घोट घेतला. मग दुसरा. कुसुमताईंनी दुसरा ग्लास भरला. दहा मिनिटं शौकत त्यांच्या तोंडाकडं बघत उकिडवा बसून राहिला. शेवटी त्यांची नजर स्थिरावली.

"शौकतभाऊ," ते म्हणाले, "आपण इथं का बसलोय?"

शौकतला रडू आलं.

त्याला सरळ निगडीला परतायचं होतं. आजोबा ऐकेनात. अर्ध्या तासानं वाट मोकळी झाली आणि शौकत उरलेला सगळा रस्ता त्यांना बोलतं ठेवत गेला. ते क्षणभर गप्प झाले की तो आरशात बघायचा.

सेगुलाबाईंचं घर दोन खोल्यांचं. त्यांनी दोघांनाही पानावर बसवलं. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, भात, सोलकढी. शौकतचा भात तसाच राहिला. तो आजोबांच्या कपाळावर घाम येतोय का तेच बघत राहिला.

तेवढ्यात लियाचा फोन आला. तो दारात गेला आणि काहीच न लपवता सगळं सांगितलं, पंधरा-वीस मिनिटं आपणच म्हणालो हेही.  

"आता काय करताहेत ते?" लियानं विचारलं. 

शौकतनं आत डोकावलं. "पुन्हा भात मागतायत."