तांबड्या मातीतलं घंटाफूल

आमच्या नेल्सन गावामागच्या तांबड्या डोंगरावर जंगल एकाएकी थांबतं. पुढे निकेलने भरलेली, झाडांना न मानवणारी माती. तिथे उगवतं ते खुरटं, चिवट, आणि त्यातलं काही जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. त्यामुळे वर गेलेल्या प्रत्येकालाच आपल्याला नवं फूल सापडलं असं वाटतं. म्हणून आमच्या वनस्पतीप्रेमी मंडळाचा जुना नियम: डोंगरावर बारसं करायचं नाही. बी खाली आणायचं आणि एका कुंडीत तांबड्या मातीत, दुसरीत बागेच्या मातीत पेरायचं. दोन्हीकडे रोप तसंच राहिलं तर जात वेगळी. बागेत उंच झालं, तर ती आपली ओळखीचीच, मातीने खुंटलेली.

हा नियम मंडळातल्या फर्गसने आमच्याकडून घोकून घेतला होता आणि मोडला तोही त्यानेच. बोटभर उंचीचं पांढरं घंटाफूल त्याला वर दिसलं. घरी येताच त्याने बायकोला, नोलीनला, सांगूनही टाकलं की याला आपल्या टेसाचं नाव मिळणार. टेसा त्यांची एकुलती एक. जन्मापासून हृदय अधू, अंग कधी धरलंच नाही; शाळेत जायच्या वयात गेली. पोटात असताना आपलंच काही चुकलं, हे नोलीनच्या डोक्यातून कधी गेलं नाही. आता ती स्वतःच अंथरुणाला खिळली होती, आणि त्या नावाची वाट बघत होती.

"तुझ्या हाताला गुण आहे, ग्वेन," म्हणत फर्गसने बी मला दिलं.

"बाजारात तुरी, आणि तू बारसं करून मोकळा!"

"पेर गं मुकाट्याने."

नाताळाच्या सुमारास, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, दोन्ही कुंड्या फुलल्या. तांबड्या मातीतलं रोप बोटभरच राहिलं. बागेच्या मातीतलं चांगलं हातभर झालं, कुरणाकुरणांतून दिसणारं नेहमीचं घंटाफूल. मला रडूच आलं. लहान कुंडी तेवढी न्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण फर्गसला फसवणं मला जमलं नसतं. दोन्ही उचलल्या.

त्याने दारातच पाहिलं. भिंगसुद्धा काढलं नाही. "तिला दाखवू नकोस," एवढंच म्हणाला.

"ग्वेन आलीय ना?" आतून आवाज आला. "ये की! चहाची आशा धरू नकोस मात्र. हा माणूस नुसतं पाणी उकळतो."

मी कुंड्या तिच्या पलंगाशी ठेवल्या. फर्गस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"नवीन नाहीये गं," मी म्हटलं. "एकाच बोंडातलं बी आहे दोन्हींत."

"मग ही लहान का?"

"माती, नोलीन."

तिने लहान रोपाला बोट लावलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिच्यात काही कमी नव्हतं. मातीच वाईट होती."

कुठल्या मातीबद्दल बोलतेय ते मला कळलं. फर्गस वळला. पलंगाच्या कडेला बसून त्याने ती लहान कुंडी तिच्या हातात दिली.

"त्या डोंगरावर झाडसुद्धा धरत नाही, नोलीन," तो म्हणाला. "त्या मातीने हिला फुलापर्यंत आणलं."

नोलीनने कुंडी पोटाशी धरली. नावाचं तिने पुन्हा विचारलं नाही.