दोन घंट्या

अभिमनला संडासला होऊन सहा दिवस झाले होते आणि माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. सहा वर्षांचं पोरगं. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम असा शब्द लिहून दिला होता. ब्याण्णव साली आमच्या साक्रीत तो शब्द कुणाला माहीत नव्हता. गल्लीला फक्त मी पोराचे फाजील लाड करते एवढं माहीत होतं.

एकदा खडा झाला, दुखलं, तेव्हापासून तो रोखूनच धरायचा. टाचा उचलून, भिंतीला चिकटून, घामाघूम होऊन. मागच्या महिन्यात दवाखान्यात चौघांनी टेबलावर दाबून धरलं, तेव्हा कुठे पोट मोकळं झालं. त्या चौघांत मी होते. उद्यापर्यंत झालं नाही तर पुन्हा घेऊन या, असा डॉक्टरांचा निरोप होता, आणि ते पुन्हा माझ्या हातून होणार नव्हतं.

डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं. रोज न्याहारीनंतर एकाच वेळी बसवा, पाय टेकलेले असू द्या, ओरडू नका, असं बजावलं होतं. शेवटचं तेवढं मला जमलं नाही.

आमचे हे, हिलाल, एसटीत कंडक्टर. सुताराकडून मधे भोक असलेली बुटकी खुर्ची त्यांनी करून आणली. खाली भांडं, पायांखाली त्यांची तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी. अंधाऱ्या संडासाला तो भितो म्हणून सगळा थाट मागच्या पडवीत. वर भंगारातून आणलेली घंटी दोरीसकट टांगली, कारण बसमधली घंटी म्हणजे अभिमनचा जीव की प्राण. धुळ्याला जाताना त्याची नजर त्या दोरीवरून हलत नसे.

"घंटी वाजनी म्हन्जे त्याले समजी, बसानी येळ व्हयनी," हे म्हणाले आणि पहाटेच ड्यूटीवर जाऊ लागले.

वाजवायचं काम माझं. अभिमन आपणहून खुर्चीवर बसायचा, मी ठणकन एकदा घंटी मारायची, आणि तो दोन्ही पाय पेटीवर दाबून, मुठी आवळून, श्वास कोंडून बसायचा. हट्टाला पेटला, असंच मला वाटायचं. सासूबाई म्हणायच्या आईवर गेलाय, आणि त्यांना खोटं पाडणं अवघड होतं.

सातव्या दिवशी यांची सुट्टी होती. सासूबाईंनी पोराच्या पोटावर एरंडेल चोळलं.

"पोट दगडनामायक व्हई गयं," त्या म्हणाल्या.

अभिमन बसला. मी घंटी मारली. पाय दाबले गेले, मुठी वळल्या.

"बस असाच, मर दुखून!" मी ओरडले. ओरडल्याबरोबर मला रडू फुटलं.

हे मात्र पोराच्या पायांकडे बघत होते.

"रोज कितल्या घंट्या देस तू?"

"एक."

"एक घंटी म्हन्जे गाडी थांबाडानी शे. तो ब्रेक दाबी राह्यना. तुनं बठ्ठं आयकस तो."

कंडक्टरची बायको मी, दहा वर्षं त्याच गाड्यांतून माहेरी ये-जा केलेली. रोज सकाळी मीच पोराला थांब सांगत होते, आणि थांबला म्हणून त्याच्यावरच चिडत होते. तो तर शहाण्यासारखं ऐकत होता.

मी डोळे पुसले आणि दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. दोन म्हणजे चला.

अभिमनने वर बघितलं. काही झालं नाही. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा. त्याचे पंजे पेटीवर सैल पडले. मुठी उघडल्या. तो कण्हला, मी त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिले, हात लावला नाही. मग भांड्यात आवाज झाला. सासूबाई काही बोलणार होत्या, यांनी त्यांना हाताने थांबवलं.

बराच वेळ गेला. अभिमनचा चेहरा घामाने निथळत होता, पण कपाळावरची आठी गेली होती. आता झालं की अजून आहे, मला कळेना. विचारून तो सांगणार थोडाच.

तेवढ्यात त्याने हात वर केला, दोरी धरली आणि एकदाच ओढली.

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकाने मला काही सांगितलं होतं.

"हो रे बाबा, थांबली गाडी," मी म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घ्यायला उठले.