दहीभात न खाणारी ढोकरी

मित्रांनो, मी दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका सोसायटीमागच्या तळ्यावरची जुनी ढोकरी आहे. बगळ्यांची मी जवळचीच नातेवाईक. बसले की पाठ चिखलाच्या रंगाची आणि छातीवर तपकिरी रेघा, उडाले की पंख पांढरेशुभ्र. त्यामुळे बसलेली असताना मला कुणी ढुंकून पाहत नाही आणि उडाले की "अरे, ये कहाँ से आया?" म्हणून दचकतात. मला त्याची फार गंमत वाटते.

माझं काम म्हणजे उभं राहणं. काठावर, मान खांद्यांत ओढून, तासन् तास. मासा किंवा बेडूक टप्प्यात आला की चोच सपकन पाण्यात! यात घाई चालत नाही.

सूर्यकांतकाका रोज सकाळी समोरच्या बाकावर असेच मान आत ओढून बसत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा पितृपक्षात त्यांच्या पत्नीने, विजयाकाकूंनी, गच्चीवर त्यांच्या नावाचं पान ठेवलं, पण कावळा शिवलाच नाही. काकू ते पान घेऊन तळ्यावर आल्या. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अगदी ह्यांच्यासारखा उभा आहे बघ," त्या नातीला, तनयाला म्हणाल्या. "उपाशी असेल गं."

मग रोज दहीभात येऊ लागला. मी भाताला चोच लावत नाही. पण पाण्यात टाकलेल्या भातावर मासे जमत आणि ते मी गट्ट करी. खोटं कशाला बोलू, मीही लाडावले. महिनाभरात उरलेला भात कुजला, पाण्यावर तवंग आला, मासे मरून तरंगू लागले. बेडूकही दिसेनासे झाले. मी दिवसभर उभी राहून उपाशी झोपू लागले. मी वाळले म्हणून काकू आणखी भात आणू लागल्या.

एके दिवशी तनयाने त्यांचा हात धरला. "आजी, बस यार! हा फिश खातो, राइस नाही. पाणी बघ ना, किती बदबू येतेय!"

काकू वाकून पाहत राहिल्या. "अगं बाई, म्हणजे मीच ह्याला उपाशी मारत होते की!"

त्या दोघींनी माळ्याला हाताशी धरून सगळी घाण काढवली. थंडी सरता सरता छोटे मासे पुन्हा दिसू लागले.

मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर आमचं पाणी तेवढं स्वच्छ राहू द्या. जेवण आम्ही शोधू.

काकू आताही रोज येतात, पण रिकाम्या हातांनी. काकांच्या बाकावर बसतात. काल त्यांच्यासमोरच मी एक मासा पकडून गिळला. तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "जेवलात ना?"