दोनाने भागण्याची पायरी

...आणि त्या खडूला चंदेरी कागद गुंडाळलेला. बोटं मळू नयेत म्हणून. इतकी वर्षं झाली, पण सरांचा हा थाट काही गेला नाही — चिमटीत खडू, करंगळी वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू गणित यांच्याच घरी जन्माला आलं. तिसऱ्या रांगेतून त्या करंगळीकडे बघताना तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

सर आज निवृत्त होणार होते. हे त्यांचं शेवटचं व्याख्यान. विभागातले सगळे झाडून आले होते, आणि फळ्यावर होतं तिचं सूत्र.

हो, तिचंच! सर तिचे मार्गदर्शक होते तेव्हा, सव्विसाव्या वर्षी, सहा महिने खपून तिनं काढलेलं — आणि छापून आलं ते एकट्या सरांच्या नावावर. आईनं तो लेख हातात घेऊन पानापानावर बोट फिरवत विचारलं होतं, "यात तू कुठं आहेस गं?" तेव्हा तिनं शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली होती. उपयुक्त चर्चेबद्दल आभार. चर्चा म्हणे! आईनं तो लेख कपाटात ठेवून दिला होता.

"आपल्या ओळखीच्या घातांकी फलनाला बेरीज दिली," सर सांगत होते, "तर ते गुणाकार परत देतं. इथलं तसं नाही. इथं बेरीज द्या, बेरीजच मिळेल. फार सज्जन फलन आहे हे." लोक हसले. पंधरा वर्षं हाच विनोद, आणि पंधरा वर्षं लोक हसतायत. सज्जन हा शब्द यांनी उच्चारावा म्हणजे कमालच झाली.

हसा, हसून घ्या. सकाळी वर्गासाठी उदाहरण तयार करताना तिनं आकड्यांचं सगळ्यात लहान क्षेत्र घेतलं होतं — ज्यात शून्य आणि एक एवढेच आकडे, आणि एकात एक मिळवला की शून्य. त्यात सूत्र घातलं तर डावीकडे शून्य, उजवीकडे एक. आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं चारदा करून पाहिलं... चहा निवून गेला... आणि मग दिसलं. सिद्धतेत प्रत्येक पदाची त्याच्या ऋण पदाशी जोडी लावलेली, बेरीज दुप्पट झालेली, म्हणून शेवटी दोनाने भागलेलं. पण जिथं दोन म्हणजेच शून्य, तिथं दोनाने भागायचं म्हणजे शून्याने भागायचं! शाळेतल्या पोरालाही कळेल. आणि सरांनी तर छापलंय, कुठल्याही परिमित, म्हणजे मोजकेच आकडे असलेल्या क्षेत्रासाठी. ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यांदा हसली तेव्हा नवरा डोकावला होता.

"काय झालं?"

"आज सरांना तोंडघशी पाडणार आहे."

"अगं, निरोपाच्या दिवशी?"

"आजच."

सरांनी फळ्यावर जोड्या लावल्या. प्रत्येक पदाखाली त्याचं ऋण पद, सुबक अक्षरात. मग खडू एका ओळीवर टेकवून ते क्षणभर थांबले — आणि त्या थांबण्यातून, कोण जाणे कुठून, पंधरा वर्षांपूर्वीचं एक टेबल वर आलं, तिची वही, आणि नेमक्या याच ओळीवर टेकलेलं सरांचं बोट.

"इथं दोनाचं काय गं? जिथं दोन शून्य असेल तिथं?"

"ते बघितलंय मी, सर. तिथंही निघतं."

बघितलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं. सहा महिन्यांनी वैतागले होते, ते वहीतून एकदाचं बाहेर पडावं एवढंच हवं होतं... आणि सरांनी वही मिटली होती. "तू म्हणतेस तर असेल." ज्या माणसानं जन्मात कुणाच्या शब्दावर एक ओळ पुढे जाऊ दिली नाही, तो माणूस.

मग काय झालं? चोरायचंच होतं तर तपासून तरी चोरायचं! तिच्या नावासकट घेतलं असतं तर चूकही दोघांची झाली असती... पण नाही, सगळं एकट्यानं गिळलं, आता भोगा. तिनं मनात तयार ठेवलेला प्रश्न पुन्हा घोकला. तुमच्या सूत्रात, सर... तुमच्या? तुमच्या म्हटलं तर पंधरा वर्षांचा सगळा राग कशासाठी होता? आणि माझ्या म्हटलं तर हे भगदाडही माझंच.

"कुणाला काही प्रश्न?" सरांनी खडू ठेवला आणि थेट तिच्याकडे पाहिलं. "आमच्या बाई आज गप्प कशा? एरवी तर फाडून खातात."

सगळ्या माना वळल्या. ती उभी राहिली.

"सर, त्या दोनाने भागण्याच्या पायरीत..."

"हं. बोल ना."

त्यांना आठवत होतं का? त्या डोळ्यांत तिला काहीच वाचता येईना. त्यांच्याबद्दलचा संताप कणभरही कमी झाला नव्हता. पण हे सूत्र सरांचंच असावं, पहिल्या अक्षरापासून त्यांचंच असावं, असं तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदाच अगदी मनापासून वाटलं.